वैरण बदलायची तर तीन आठवडे धरा : कोठीपोटातले जिवाणू सांभाळून चारा कसा बदलावा

साखर कारखान्यांची धुराडी पेटली की कोल्हापूर जिल्ह्यातल्या बहुतेक गोठ्यांची वैरण एका दिवसात बदलते. कालपर्यंत गव्हाणीत नेपियर गवत, मका, बांधावरचं गवत असतं. आज फडातून वाड्यांच्या, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, मोळ्या येऊन पडतात. वाडे स्वस्त, जवळ मिळणारे, आणि जनावरही चवीनं खातं. मग आठ-दहा दिवसांत दूध संस्थेच्या पावतीवर फॅट तीन-चार पॉइंट, म्हणजे ०.३-०.४ टक्के, उतरलेला दिसतो. मालक पेंडेवर संशय घेतो आणि पेंड बदलतो. पुढच्या बिलात फरक पडला नाही तर शेजाऱ्याच्या सांगण्यावरून आणखी काहीतरी सुरू होतं. महिनाभरात चार बदल झाले, पण कशानं बिघडलं आणि कशानं सुधारलं हे कुणालाच सांगता येत नाही.

अडचण अशी की दुधाचं बिल दहा दिवसांनी निघतं, आणि पोटातल्या जिवाणूंना नव्या वैरणीवर स्थिरावायला साधारण तीन आठवडे लागतात. हे दोन हिशेब जुळत नाहीत. म्हणून वैरण कोणती द्यायची यापेक्षा ती किती दिवसांत बदलायची, आणि बदलल्यावर निकाल कधी लावायचा, यावर या लेखात जास्त भर आहे. उदाहरणं मुख्यतः म्हशीची आहेत. गाईला तेच लागू पडतं. वासरं आणि शेळ्या-मेंढ्यांचं शेवटी वेगळं सांगितलं आहे.

आधी पोटात काय चालतं ते

गाय-म्हशीला स्वतःला गवत पचवता येत नाही. गवतातल्या तंतूंचं विघटन करणारं पाचकद्रव्य तिच्या शरीरात तयारच होत नाही. ते काम कोठीपोटातले, म्हणजे चार कप्प्यांच्या पोटातल्या पहिल्या आणि सगळ्यात मोठ्या कप्प्यातले, जीव करतात. मोठ्या जनावराचं कोठीपोट शंभर-दीडशे लिटरचं असतं. आत ३९ अंशांच्या आसपास ऊब, हवा जवळपास नाही, आणि रसाच्या एका मिलिलिटरात हजार कोटींच्या घरात जिवाणू. त्याशिवाय त्याच मिलिलिटरात लाखांनी मोजावेत इतके आदिजीव, म्हणजे प्रोटोझोआ. हे आदिजीव १८४३ साली फ्रान्समध्ये ग्रुबी आणि देलाफाँ या दोघांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. जिवाणूंचा नीट अभ्यास व्हायला पुढं शंभर वर्षं गेली, कारण हवा लागली की ते मरतात. रॉबर्ट हंगेट या अमेरिकन शास्त्रज्ञानं त्यांना हवेविना वाढवण्याची पद्धत बसवली तेव्हा कुठं हे जग उलगडलं.

ज्याच्या परड्यात गोबरगॅस आहे त्याला हे लवकर कळेल. टाकीत रोज ठरावीक शेण-पाणी गेलं तर गॅस सुरळीत चालतो; त्याच टाकीत एखाद्या दिवशी गोड मळी किंवा शिळा भात ओतला तर टाकी आंबते आणि गॅस बंद पडतो. कोठीपोटही असंच आंबतं, फक्त तिथं टाकी रिकामी करून पुन्हा भरायची सोय नाही.

या जिवांची कामं वाटून घेतलेली आहेत. फायब्रोबॅक्टर आणि रुमिनोकोकस हे जिवाणू कडबा, पिंजर (भाताचा पेंढा), गवत यांतल्या तंतूंना चिकटून ते फोडतात. कामाला संथ, आणि आंबटपणा त्यांना सोसत नाही. बुरशीसारखे काही जीव कडक काडीत शिरून ती पोखरतात. स्ट्रेप्टोकोकस बोव्हिससारखे जिवाणू साखर आणि पिठावर तुटून पडतात. खाणं भरपूर असेल तर अर्ध्या तासाच्या आत त्यांची संख्या दुप्पट होऊ शकते. मेगास्फेरा एल्सडेनी नावाचा जिवाणू या घाईतून तयार झालेलं लॅक्टिक आम्ल खाऊन संपवतो. पण वैरण बदलते त्या दिवशी त्याची संख्या थोडी असते आणि ती वाढायला वेळ लागतो. वैरण बदलताना होणाऱ्या बहुतेक भानगडींचं मूळ या मधल्या वेळात आहे.

हे सगळे जीव मिळून तीन आम्लं तयार करतात आणि जनावराला लागणाऱ्या ऊर्जेचा साधारण ७० टक्के वाटा त्यांतून येतो. ॲसेटिक आम्ल प्रामुख्यानं तंतूंपासून बनतं आणि त्यातून दुधाचं फॅट तयार होतं. प्रोपियॉनिक आम्ल पीठ-साखरेवर वाढतं. त्यातून यकृतात साखर बनते आणि दुधाचं माप वाढतं. ब्युटिरिक आम्ल कोठीपोटाच्या अस्तराला पोसतं. शिवाय हे जीव अन्नाबरोबर पुढच्या पोटात वाहत जातात आणि तिथं स्वतःच पचतात. जनावराला मिळणाऱ्या प्रथिनांचा अर्ध्याहून जास्त भाग असा त्यांच्या शरीरातूनच येतो. आपल्या शाकाहारी म्हशीचा खरा आहार हा असा आहे.

वैरण बदलल्यावर काय, कधी होतं

पहिले काही तास साखर-पिठावर वाढणाऱ्यांचे. वाड्यात उरलेली साखर, मक्याचा भरडा, शिळी भाकरी, काहीही असो, ते आधी त्यावर झडप घालतात आणि रसाचा सामू, म्हणजे पीएच, खाली येतो. सामू सहाच्या खाली गेला की तंतू फोडणारे जिवाणू काम सोडतात. मग समोर कडबा असूनही तो नीट पचत नाही. दिवसातले काही तास सामू साडेपाचच्या आसपास राहिला तर ती छुपी आम्लता. अशा वेळी जनावर आजारी दिसत नाही. रवंथ कमी होतं, शेण पातळ पडतं, फॅट उतरतो, आणि काही महिन्यांनी खुरं दुखायला लागतात.

पहिल्या आठवड्यात जिवाणूंची जुनी घडी मोडते. काही जाती मागं पडतात, काही पुढं येतात. या दिवसांत दूध कधी वाढतं, कधी घटतं. त्यावरून काहीच ठरवू नये. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात नवी घडी बसते. चाऱ्यावर प्रयोग करणारे संशोधकसुद्धा नवी वैरण सुरू केल्यावर पहिले दोन-तीन आठवडे सोडून मगच मोजमाप घेतात, ते याच कारणानं. चौथ्या आठवड्यापासून पुढं आणखी एक सावकाश बदल चालू असतो. कोठीपोटाच्या आतल्या भिंतीवर बोटांसारखे बारीक उंचवटे असतात, ते आम्लं शोषून घेतात. खुराक, म्हणजे पेंड-भरडा, वाढला की हे उंचवटे लांब होतात. त्याला चार ते आठ आठवडे लागतात. व्यायच्या आधी दोन महिने नुसत्या पिंजरावर ठेवलेल्या म्हशीचे हे उंचवटे आखडलेले असतात. व्याल्याबरोबर तिच्यापुढं पाच किलो खुराक ठेवला तर आम्लं तयार होतात, पण शोषून घ्यायला जागा नसते.

प्रत्येक जनावराचं पोट वेगळं असतं, हेही ध्यानात ठेवावं. २०१० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात गाईंच्या कोठीपोटातला जवळजवळ सगळा मालच एकमेकींत अदलाबदल केला. रसाची आम्लता दिवसाभरात ज्या-त्या गाईच्या मूळ पातळीवर परतली. जिवाणूंची मांडणीही मूळ रूपाकडे वळू लागली, पण तिला कित्येक आठवडे लागले आणि दोन गाईंत वेळ सारखा लागला नाही. म्हणजे एकाच दावणीला, एकाच गव्हाणीत खाणाऱ्या दोन म्हशींपैकी एक चार दिवसांत रुळली आणि दुसरी पंधरा दिवस कुरकुरत राहिली, तर त्यात नवल नाही. सावकाश रुळणारीच्या चालीनं सगळ्यांची वैरण बदलायची.

आपल्याकडच्या वर्षातली अवघड वळणं

पहिलं वळण गळीत हंगाम सुरू होताना, ऑक्टोबर-नोव्हेंबरात. दुसरं कारखाने बंद होताना, मार्च-एप्रिलच्या सुमारास. तेव्हा वाडे एकदम थांबतात आणि कडबा, पिंजर किंवा मुरघास (हवाबंद मुरवलेला हिरवा चारा) पुढं येतो. तिसरं जूनमधलं. गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी भागात पहिल्या पावसानंतर कोवळं गवत उगवतं. त्यात पाणी जास्त, तंतू कमी. उन्हाळाभर सुक्या काडीवर असलेल्या जनावराला ते पोटभर मिळालं की हगवण लागते. लोक म्हणतात पाणी बाधलं. पाण्याचा संबंध थोडा. पोटातली जिवाणूंची जुळणी सुक्या वैरणीची होती, हे खरं कारण.

चौथं वळण दरवर्षी येत नाही, पण आलं की सगळं विस्कटतं. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शिरोळ, करवीर, हातकणंगल्यातली जनावरं रातोरात दुसरीकडं हलवावी लागली, आणि तिथं जे मिळेल ते खाऊ लागली. पंचगंगेच्या काठच्या गोठ्यात जुलै उजाडायच्या आत एक काम करून ठेवावं: प्रत्येक जनावरामागं चार-पाच दिवस पुरेल एवढा कुट्टी केलेला कडबा पोत्यांत भरून उंचावर. जनावर हलवताना ही पोती बरोबर न्यायची आणि तिथल्या नव्या वैरणीत निम्मी-निम्मी मिसळायची. छावणीत उसाची कांडी मिळाली तर तीही कुट्टी करून, कडब्यात मिसळून. नुसता ऊस पोटभर देऊ नये.

सणासुदीचं वेगळं सांगायला हवं. बेंदराला बैलाला पुरणपोळी भरवतात, दिवाळीच्या पाडव्याला म्हशी सजवून मिरवतात. एक पोळी, दोन पोळ्यांनी काही होत नाही. घात होतो तो लग्न-जत्रेच्या उरलेल्या भातानं. घमेलंभर भात, बुंदी, पुऱ्या वाया जाऊ नयेत म्हणून म्हशीपुढं ठेवतात. बारा ते चोवीस तासांत लॅक्टिक आम्ल साचतं, सामू पाचाच्या खाली जातो, आदिजीव आणि तंतू फोडणारे जिवाणू मरतात, शरीरातलं पाणी कोठीपोटात ओढलं जातं. म्हैस खाणं सोडते, डोळे खोल जातात, आंबूस वासाचं पातळ शेण पडतं आणि शेवटी ती बसते. हा प्रसंग घरगुती उपायांचा नाही. राहिलेला खुराक काढून घ्या, डॉक्टरांना लगेच बोलवा, आणि तोंडातून नळीनं किंवा बाटलीनं जबरदस्तीनं तेल पाजू नका. ते श्वासनलिकेत गेलं तर फुप्फुसांना सूज येते.

आता पायऱ्या

पहिली : आज काय जातंय ते तोला. "दोन पेंढ्या आणि घमेलंभर पेंड" याला माप म्हणत नाहीत. ताणकाटा दोन-चारशे रुपयांत मिळतो. दोन दिवस हिरवी वैरण, सुकी वैरण, खुराक वेगवेगळा तोला. गव्हाणीत उरलेलंही तोला. ते वजा करायचं.

दुसरी : पाणी वजा करून हिशेब मांडा. जिवाणूंना मिळतो तो कोरडा भाग, म्हणजे शुष्क पदार्थ. नेपियर, मका अशा हिरव्या चाऱ्यात तो वीस-पंचवीस टक्के, वाड्यात पंचवीस-तीस टक्के, कडबा-पिंजर आणि पेंडेत नव्वदच्या आसपास. जनावराला वजनाच्या अडीच ते तीन टक्के शुष्क पदार्थ लागतो.

एक हिशेब करून बघू. म्हैस साडेचारशे किलोची, दूध आठ लिटर. तिला रोज वीस किलो नेपियर, पाच किलो कडबा आणि पाच किलो खुराक मिळतो. नेपियरचे चार, कडब्याचे साडेचार, खुराकाचे साडेचार, असा तेरा किलो शुष्क पदार्थ झाला. खुराकाचा आपला जुना ठोकताळा आहे: शरीरासाठी एक किलो, आणि म्हशीच्या दर दोन लिटर दुधामागं एक किलो, गाईसाठी दर अडीच लिटरमागं एक किलो. त्या मापानं हे बरोबर बसतं.

आता नेपियर काढून वाडे आणायचे आहेत. वाडे जास्त सुके असल्यामुळं वीस किलो नेपियरच्या जागी पंधरा किलो वाडे पुरतात. पण प्रथिनं कमी पडतात. नेपियरमध्ये शुष्क पदार्थाच्या नऊ टक्क्यांच्या आसपास प्रथिनं धरली आणि वाड्यात पाच, तर रोज दीडशे ग्रॅमची तूट येते. ही तूट म्हशीच्या आधी जिवाणूंना जाणवते. नत्र नसेल तर त्यांची वाढ खुंटते आणि तंतू पचत नाहीत. साधारण चारशे ग्रॅम शेंगदाणा पेंडेनं ती बरीचशी भरून निघते. तेवढाच दुसरा खुराक कमी करायचा, वर चढवायचा नाही.

तिसरी : चार-चार दिवसांचे टप्पे करा. पहिले चार दिवस पाव हिस्सा नवं, म्हणजे चार किलो वाडे आणि पंधरा किलो नेपियर. पुढचे चार दिवस निम्मं-निम्मं. नंतरचे चार दिवस पाऊण हिस्सा वाडे. तेराव्या दिवसापासून पूर्ण. शेंगदाणा पेंड दुसऱ्या टप्प्यापासून निम्मी आणि तिसऱ्यापासून पूर्ण. कडबा या काळात एक मुठीनंही कमी करायचा नाही. वाडे फुकट मिळतात म्हणून लोक कडबा वाचवायला बघतात, आणि नेमकं तिथंच गणित फसतं.

हे टप्पे जमावेत म्हणून हंगाम सुरू व्हायच्या वेळी शेतात पंधरा दिवसांचं हिरवं शिल्लक ठेवावं लागतं. सगळं नेपियर कापून संपल्यावर वाड्यांची वाट बघत बसणाऱ्याला टप्पे करताच येणार नाहीत. त्याला कडब्याचा आधार घ्यावा लागेल: पहिले आठ दिवस पोट कडब्यानं भरायचं आणि वाडे हळूहळू चढवायचे. दूध थोडं घटेल, ते सोसायचं.

चौथी : कुट्टी फार बारीक नको. कडबाकुट्टी यंत्राची पाती एक ते दीड इंचाला लावा. भुशासारखी बारीक कुट्टी जनावर पटकन गिळतं, पण रवंथ कमी करतं. रवंथ करताना दिवसाला शंभर लिटरहून जास्त लाळ पोटात जाते आणि त्या लाळेतला सोडाच आम्लता आवरून धरतो. बाजारातल्या कुठल्याही पुडीपेक्षा हा सोडा जास्त आणि तोही फुकट. दहा-बारा लिटरच्या पुढं दूध देणाऱ्या, जास्त खुराक खाणाऱ्या जनावराला वरून खाण्याचा सोडा दिवसाला १०० ते १५० ग्रॅम खुराकात मिसळून देतात. त्याचा उपयोग होतो. पण कडबा तोडून सोडा देण्यात अर्थ नाही.

पाचवी : आधी काडी, मग पेंड. धारेच्या वेळी रिकाम्या पोटी दोन-तीन किलो खुराक पुढं ठेवायचा आणि वैरण नंतर टाकायची, ही पद्धत सगळीकडं आहे. म्हैस धारेला उभी राहावी म्हणून खुराक लागतो हे मान्य. मग धारेच्या तासभर आधी थोडा कडबा टाका आणि धारेला निम्माच खुराक द्या. उरलेला दुपारी, वैरणीवर पसरून. एका वेळी दोन किलोच्या वर खुराक जाऊ देऊ नये. वेळाही पाळा. जिवाणूंना रविवार कळत नाही.

खुराक वाढवायचा असेल तेव्हा तीन-चार दिवसांनी पाव ते अर्धा किलो, त्याहून जास्त नाही. एका पेंडेवरून दुसऱ्या पेंडेवर जायचं असेल तर जुनं पोतं संपायच्या आत नवं आणायचं आणि दहा-बारा दिवस मिसळून संपवायचं. गोळी पेंडेची कंपनी बदलली तरी हेच. वरचं नाव तेच असलं तरी आतला कच्चा माल बदलू शकतो.

सहावी : क्षार मिश्रण आणि वाड्यातलं ऑक्झलेट. वाड्यात, पिंजरात आणि नेपियरमध्येही ऑक्झलेट असतं. ते कॅल्शियमला बांधून ठेवतं आणि जनावराला मिळू देत नाही. कोठीपोटात ऑक्झलेटवरच जगणारे जिवाणू असतात. वैरण सावकाश बदलली तर त्यांची संख्या वाढते आणि ऑक्झलेट बरंचसं तिथंच संपतं. एकदम बदलली तर ते तयार नसतात. म्हणून वाड्यांच्या हंगामात रोज ५० ग्रॅम क्षार मिश्रण चुकवू नये, विशेषतः नुकत्याच व्यालेल्या म्हशीला.

यासारखीच सुबाभळीची गोष्ट आहे. सुबाभळीत मिमोसिन नावाचं विष असतं, त्यानं केस गळतात, गलगंड होतो. पण हवाई बेटांवरच्या शेळ्या ती खाऊन धडधाकट होत्या. ऑस्ट्रेलियातल्या रेमंड जोन्स यांनी १९८० च्या दशकात दाखवलं की त्या शेळ्यांच्या पोटात हे विष मोडणारे जिवाणू आहेत. ते ऑस्ट्रेलियातल्या जनावरांच्या पोटात सोडल्यावर त्यांनाही सुबाभूळ पचू लागली. तिथं सापडलेल्या जिवाणूला पुढं जोन्स यांच्यावरूनच सिनर्जिस्टेस जोन्सी असं नाव मिळालं. आपण मात्र एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्यापुढं सुबाभूळ घालू नये.

सातवी : डोळे आणि मूठ वापरा. प्रयोगशाळेची गरज नाही. दुपारी जनावरं बसलेली असताना मोजा: दहातली पाच-सहा तरी रवंथ करताना दिसायला हवीत. शेण पडताना थबकन आवाज येऊन वर्तुळाकार थर बसला तर ठीक. पाण्यासारखं पसरलं किंवा त्यात फेस-बुडबुडे दिसले तर आम्लता, आणि घट्ट, कोरड्या वड्या पडल्या तर प्रथिनं किंवा पाणी कमी. मूठभर शेण चाळणीत धुऊन बघा. मक्याचे दाणे, लांब काड्या तशाच निघाल्या तर पचन होत नाहीये. डाव्या कुशीत मूठ दाबून धरा. दोन मिनिटांत कोठीपोटाच्या दोन-तीन लाटा हाताला जाणवायला हव्यात. एकही आली नाही तर डॉक्टर.

यातलं काही बिघडलं तर मागच्या टप्प्यावर परत जा आणि तिथं चार दिवस थांबा. नवीन काही सुरू करू नका.

आठवी : निकाल एकविसाव्या दिवसानंतर. गोठ्यात एक वही टांगून ठेवा. तारीख, काय बदललं, किती किलो, दूध, फॅट, एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ), शेण कसं, एवढंच. म्हशीच्या दुधाचा दर ६.० फॅट आणि ९.० एसएनएफ धरून मोजतात, गाईचा ३.५ आणि ८.५; आपला आकडा त्याच्या वर-खाली कसा हलतो ते दिसू द्या. काडी कमी पडून फॅट उतरायला आठ-दहा दिवस लागतात आणि वैरण सुधारल्यावर तो परत चढायला दोन ते तीन आठवडे. या मधल्या बिलात फॅट कमीच दिसणार. तेव्हा धीर सोडून पुन्हा पेंड बदलली की जिवाणूंची मोजणी पहिल्यापासून सुरू. एका वेळी एकच बदल केला तरच वहीचा उपयोग. वर वाड्यांबरोबर शेंगदाणा पेंड सुचवली तो अपवाद, कारण तिथं एक वस्तू दुसरीची उणीव भरते.

युरिया, मुरघास आणि पुड्या

पिंजरावर युरियाची प्रक्रिया करणं आजरा, चंदगड, भुदरगड अशा भाताच्या पट्ट्यात फायद्याचं आहे. शंभर किलो पिंजराला चार किलो युरिया पन्नास-साठ लिटर पाण्यात विरघळवून शिंपडायचा, दाबून, झाकून एकवीस दिवस ठेवायचं. उघडल्यावर वास उडून जाऊ द्यायचा आणि पहिल्या आठवड्यात थोडंथोडंच द्यायचं. सहा महिन्यांखालच्या वासरांना अजिबात नाही. युरिया थेट पाण्यात किंवा आंबोणात, म्हणजे भिजवलेल्या खुराकात, कालवून देणं धोक्याचं. जिवाणू त्याचा काही मिनिटांत अमोनिया करतात आणि जनावर तासाभरात दगावू शकतं.

मुरघास पंचेचाळीस दिवसांनी उघडला की दोन-तीन किलोंनी सुरुवात, दोन आठवड्यांत पूर्ण. तो मुळातच आंबट असतो, म्हणून त्याच्याबरोबर सुकी काडी हवीच. लसूणघास कोवळा आणि ओला असताना एकटा दिला तर फेसाळ पोटफुगी होते. थोडा सुकवून, कडब्यात मिसळून द्यावा.

यीस्टच्या पुडीला मी नाव ठेवत नाही. बदलाच्या आणि व्यायच्या काळात ती काही जनावरांना आधार देते. वर्षभर मात्र घालू नये. तेवढ्या पैशात चांगला शाळूचा कडबा घ्यावा.

व्यायला आलेली म्हैस, वासरं आणि मेंढ्या

आटवलेल्या म्हशीला शेवटच्या तीन आठवड्यांत खुराक सुरू करायचा: अर्ध्या किलोपासून चढवत दोन किलोपर्यंत, आणि व्याल्यावर जो खुराक द्यायचा आहे तोच. व्याल्यानंतरही लगेच पूर्ण मापावर न्यायचं नाही. दोन-तीन आठवडे घ्यायचे.

वासराचं कोठीपोट जन्मताना लहान आणि निकामी असतं. दूध त्याला वगळून थेट चौथ्या पोटात जातं. पहिल्या एक-दोन तासांत चीक, दिवसभरात वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतका. दुसऱ्या आठवड्यापासून मूठभर काफ स्टार्टर (वासरांचा खास खुराक), थोडं चांगलं सुकं गवत आणि स्वच्छ पाणी पुढं ठेवा. दुधावर कोठीपोट वाढत नाही. सुक्या खाण्यापासून तयार होणारी आम्लंच त्याच्या भिंतीला वाढवतात. आईनं चाटलेलं, मोठ्या जनावरांच्या शेजारी वाढलेलं रेडकू जिवाणू-आदिजीव आपोआप मिळवतं. जन्मापासून अगदी एकटं ठेवलेल्या वासरात आदिजीव रुजतच नाहीत, हे प्रयोगांत दिसलं आहे. तेव्हा रेडकाला आईपासून लांब कोपऱ्यात बांधायची घाई नको.

मेंढ्यांचं दुखणं कोठीपोटाच्या पुढं, आतड्यात असतं. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स नावाचा जिवाणू निरोगी मेंढीच्या आतड्यात थोड्या संख्येनं राहतच असतो. पावसाळ्याच्या तोंडाला कोवळं गवत, किंवा शाळू काढलेल्या रानात पडलेली कणसं पोटभर मिळाली की न पचलेलं पीठ-साखर आतड्यात उतरतं, हा जिवाणू फोफावतो आणि विष सोडतो. संध्याकाळी धट्टीकट्टी असलेली कोकरं सकाळी मेलेली सापडतात, तीही कळपातली सगळ्यात गुबगुबीत. हा आंत्रविषार. त्याची लस मे महिन्यात, पावसाच्या आधी टोचून घ्यावी. पहिल्यांदाच टोचत असाल तर दोन-तीन आठवड्यांनी दुसरा डोसही लागतो, म्हणून एप्रिलअखेरीलाच पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून ठेवावं. पाऊस सुरू झाल्यावर पहिले पंधरा दिवस कळप रानात सोडण्याआधी मेंढवाड्यावरच सुकी वैरण खाऊ घालावी, आणि चरण्याची वेळ रोज थोडीथोडी वाढवत न्यावी.